मिस्टर स्मिथ यांची देणगी

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच, असा समितीचा निरोप ग्रुपवर आला आणि चार दिवसांत सगळ्या आठवणी वाटून झाल्या. पाण्याच्या टाकीमागची कैरी एकीने घेतली, पी.टी.च्या सरांची शिट्टी दुसऱ्याने, सहलीत बंद पडलेली एस.टी. तिघांनी मिळून. माझ्या वाट्याला काही उरलं नाही. म्हणून मी कधीही न भेटलेल्या, माझ्या जन्माच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी गेलेल्या एका माणसाबद्दल लिहिते आहे. संपादक मंडळाने विचारलंच, की याचा आपल्या शाळेशी संबंध काय. संबंध आहे, पण तो शेवटाकडे येईल.

सुरुवात मात्र आपल्या दहावीच्या फोटोपासून करते. मुख्य इमारतीच्या पायऱ्यांवर आपण चार रांगांत उभे होतो, पुढे खुर्च्यांवर सर आणि बाई. फोटोग्राफर काकांनी दोनच फोटो काढले, कारण रोल संपत आला होता. दोन्हींत कोणी ना कोणी डोळे मिटलेले होते. शेवटी ज्यात कमी जणांचे डोळे मिटले होते तो फोटो निवडला गेला, आणि तोच आज सगळ्यांच्या घरी आहे. त्या रोलच्या पिवळ्या खोक्यावर कोडॅक असं लिहिलेलं होतं. हे नाव ज्याने तयार केलं तो हा माणूस, जॉर्ज ईस्टमन.

माझी त्याच्याशी ओळख झाली ती कामाच्या निमित्ताने. २००९ च्या हिवाळ्यात कंपनीने मला तीन महिन्यांसाठी अमेरिकेत रॉचेस्टरला पाठवलं होतं. ओंटारिओ सरोवराच्या बाजूचं गाव, बर्फ इतका की शनिवार-रविवारी हॉटेलातून बाहेर पडायचा कंटाळा यावा. एका रविवारी कंटाळ्याचाच कंटाळा आला आणि मी ईस्ट ॲव्हेन्यूवरचं त्याचं घर बघायला गेले. आता तिथे फोटोग्राफीचं संग्रहालय आहे. तिकीट काढताना माझी कल्पना अशी होती, की एका श्रीमंत माणसाचा बंगला बघून तासाभरात परत येऊ. संध्याकाळी बंद होईपर्यंत तिथेच होते, आणि नंतर तीन महिने त्याच्याविषयी मिळेल ते वाचत राहिले.

जॉर्ज १८५४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरव्हिल या लहान गावी जन्मला. वडिलांनी रॉचेस्टरला हिशेब आणि व्यापारी पत्रव्यवहार शिकवणारं कॉलेज काढलं होतं. १८६२ मध्ये ते वारले, तेव्हा जॉर्ज आठ वर्षांचाही नव्हता. आई मारिया हिच्यापाशी दोन मुली, एक मुलगा आणि देणी. तिने घरात माणसं ठेवून घेतली, त्यांच्या जेवणाखाणाचं बघायला लागली. मुलींपैकी केटीला पोलिओ झालेला होता, ती चाकांच्या खुर्चीत होती, आणि १८७० मध्ये तीही गेली. जॉर्जने चौदाव्या वर्षी शाळा सोडली आणि विम्याच्या कचेरीत आठवड्याला ३ डॉलरवर पोऱ्याचं काम धरलं. तेव्हापासून तो खर्चाची वही ठेवायला लागला. हा पैशाला जपण्याचा स्वभाव पुढे कोट्यधीश झाल्यावरही सुटला नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरी महिन्याच्या २० तारखेनंतर किराणा उधारीवर यायचा, त्यांना या वहीबद्दल वेगळं सांगायला नको.

१८७४ मध्ये तो रॉचेस्टर सेव्हिंग्ज बँकेत कारकून झाला. घर सावरलं. तेविसाव्या वर्षी त्याच्या मनात आलं की सुट्टी घेऊन कॅरिबियन बेटांवर सांतो दोमिंगोला जावं. कोणीतरी सुचवलं की प्रवासाचे फोटो काढ. त्याने १८७७ मध्ये सुमारे ९४ डॉलर खर्चून सगळं सामान घेतलं. प्रवासाला तो कधी गेलाच नाही, पण सामान घरात राहिलं.

त्या काळचा फोटो म्हणजे काय प्रकरण होतं हे समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. काचेच्या तुकड्यावर कलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, ती काच चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो काढायचा आणि वाळायच्या आत धुवायचा. म्हणजे जिथे फोटो तिथेच अंधारखोली. तंबू, बाटल्या, काचा, पाण्याचं भांडं, तिपाई आणि मोठ्या पेटीएवढा कॅमेरा, हे सगळं पाठीवर घेऊन हिंडायचं. ईस्टमनला फोटो आवडले, हमाली आवडली नाही. इंग्लंडमधल्या मासिकांत त्याने वाचलं की काही जण जिलेटिनचा लेप दिलेल्या कोरड्या काचा बनवताहेत. कोरडी काच आधी तयार करून ठेवता येते आणि फोटो काढून घरी आल्यावर सावकाश धुता येते. दिवसभर बँक आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात प्रयोग, असा त्याचा क्रम सुरू झाला. लेप शिजवायचा, काचेवर ओतायचा, बघायचं, टाकून द्यायचं. काही रात्री तो कपडे न बदलता चुलीशेजारीच झोपलेला असे.

माझ्यातल्या इंजिनियरला त्याचा पुढचा विचार फार आवडला. लेप जमल्यावर तो काचा विकायला धावला नाही. एकसारखा लेप देणारं यंत्र त्याने बनवलं. १८७९ मध्ये साठवलेले पैसे घेऊन तो लंडनला गेला, तिथे त्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत. एक चांगली काच कोणीही कष्ट करून बनवेल. हजारावी काच पहिलीसारखीच निघाली पाहिजे, हे त्याला पंचविशीतच कळलं होतं. आईच्या घरी राहून गेलेला हेन्री स्ट्राँग नावाचा एक गृहस्थ होता, घोडागाडीचे चाबूक बनवणारा कारखानदार. त्याने भांडवल घातलं आणि १ जानेवारी १८८१ ला दोघांची कंपनी सुरू झाली. जॉर्ज अजून बँकेत होताच. त्याच वर्षी बँकेतली वरची जागा रिकामी झाली आणि ती त्याला मिळाली नाही. सप्टेंबरमध्ये त्याने राजीनामा दिला. बढती हुकल्यामुळे आयुष्य मार्गी लागलेले आपल्या बॅचमध्येही दोघे आहेत, नावं सांगत नाही.

कंपनीने जेमतेम मूळ धरलं आणि १८८२ मध्ये काचा बिघडायला लागल्या. दुकानदारांच्या तक्रारी आल्या. ईस्टमनने विकलेला माल परत घेतला, बदलून दिला, कारखाना थांबवला. गंगाजळी जवळजवळ आटली. प्रयोगांवर प्रयोग केले आणि ते सगळे फसले. कृती तीच, प्रमाण तेच, यंत्र तेच, तरी काच चालेना. शेवटी तो आणि स्ट्राँग जहाजाने इंग्लंडला गेले, तिथल्या नावाजलेल्या कारखान्यात उमेदवारासारखे उभे राहून काम बघितलं, आणि दोष सापडला. कृती बरोबर होती. बाहेरून येणारं जिलेटिन बदललं होतं. आमच्या धंद्यात असं नेहमी होतं: आपला कोड बरोबर असतो, दुसऱ्या कोणाची लायब्ररी गुपचूप बदललेली असते, आणि आपण आठवडाभर स्वतःच्या ओळी तपासत बसतो. जिलेटिनमध्ये नेमका काय फरक पडतो हे त्याच्याच प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाने चाळीसेक वर्षांनी शोधलं. जिलेटिन बनतं जनावरांच्या कातड्या-हाडांपासून, आणि ज्या गाईंनी मोहरीच्या जातीची झाडं खाल्लेली असतात त्यांच्या जिलेटिनमध्ये गंधकाचा जो अंश उतरतो, त्याने लेपाला प्रकाश अधिक चांगला टिपता येतो. गाईने काय खाल्लं यावर फोटो ठरायचा! रसायनशास्त्राच्या बाईंनी हे तेव्हा सांगितलं असतं तर माझे मार्क थोडे तरी वाढले असते.

पुढचं सगळं झपाट्याने झालं. काचेऐवजी कागदाची गुंडाळी, मग १८८९ मध्ये सेल्युलॉइडची पारदर्शक फिल्म, ती बनवली त्याच्याकडच्या हेन्री रायकेनबाख या रसायनतज्ज्ञाने. त्याआधी १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा आला. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंची गुंडाळी भरलेली. फोटो संपले की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरला पाठवायचा, १० डॉलर द्यायचे, की फोटो धुऊन आणि नवी गुंडाळी भरून कॅमेरा परत. ग्राहकाने फक्त बटण दाबायचं. कोडॅक या शब्दाला कुठल्याही भाषेत अर्थ नाही. लहान, ठसठशीत, चुकीचा लिहिता येणार नाही असा शब्द त्याला हवा होता, आणि के हे अक्षर त्याला आवडायचं. त्याच्या आईचं माहेरचं आडनाव किलबर्न होतं, तेही के वरूनच. १९०० मध्ये १ डॉलरचा ब्राउनी कॅमेरा आला आणि पहिल्याच वर्षी लाखाहून जास्त खपला. मुलांच्या हातात कॅमेरा गेला तो तेव्हा. एडिसनच्या माणसांनी हलत्या चित्रांसाठी वापरली ती हीच लवचीक फिल्म. पट्टीवर चित्रं घेण्याची सोय झाली नसती तर फाळक्यांचा राजा हरिश्चंद्रही १९१३ मध्ये पडद्यावर आला नसता.

या यशाची दुसरी बाजू न सांगणं खोटेपणाचं होईल. न्यूअर्कमधल्या हॅनिबल गुडविन नावाच्या एका पाद्र्याने तशाच फिल्मसाठी १८८७ मध्ये, म्हणजे ईस्टमनच्या आधी दोन वर्षं, पेटंटचा अर्ज केला होता. त्याला पेटंट मिळालं अकरा वर्षांनी आणि दोन वर्षांत तो वारला. पुढे हक्क घेतलेल्या कंपनीने खटला लढवला, आणि १९१४ मध्ये ईस्टमनला ५० लाख डॉलर भरावे लागले. तोपर्यंत फिल्मवर त्याने त्याच्या कितीतरी पट कमावलं होतं. प्रतिस्पर्धी विकत घ्यायचे, दुकानदारांना फक्त आपलाच माल ठेवायला लावायचा, हेही त्याने केलं. १९१५ मध्ये न्यायालयाने त्याच्या कंपनीला बेकायदा मक्तेदार ठरवलं. म्हणजे ज्या पैशाची गोष्ट मी सांगणार आहे तो सगळाच स्वच्छ चुलीवर शिजलेला नव्हता.

आता मुख्य गोष्ट. बोस्टनची एमआयटी (आपल्या पुण्यातली नव्हे, ती मूळची) विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फार अडचणीत होती. जागा अपुरी, पैसा नाही, शेजारचं हार्वर्ड तिला पोटात घेऊ पाहत होतं. १९०९ मध्ये रिचर्ड मॅक्लॉरिन नावाचे गणित-भौतिकशास्त्राचे प्राध्यापक तिचे अध्यक्ष झाले. त्यांनी चार्ल्स नदीपलीकडे केंब्रिजमध्ये जागा घ्यायचं ठरवलं आणि पैसे मागत फिरायला लागले. ज्याने कुठल्याही संस्थेसाठी वर्गणी मागितली आहे त्याला माहीत आहे की हे काम कसं असतं. लोक चहा देतात, कौतुक करतात आणि विचार करून सांगतो म्हणतात.

ईस्टमनचा एमआयटीशी काही संबंध नव्हता. तो तिथे शिकला नव्हता, खरं तर तो कुठल्याच कॉलेजात शिकला नव्हता. पण त्याच्या कारखान्यात तिथून शिकून आलेले दोन इंजिनियर होते. १८९० सालचे डॅरा डी लॅन्सी यांनी त्याचा कोडॅक पार्क हा मोठा कारखाना उभा करून चालवला होता, आणि त्यांच्यानंतर १८९४ सालचे फ्रँक लव्हजॉय यांनी तो सांभाळला. ईस्टमनने वर्षानुवर्षं या माणसांचं काम पाहिलं होतं. मार्च १९१२ मध्ये मॅक्लॉरिन त्याला न्यूयॉर्कमध्ये भेटले. त्यांनी आराखडा सांगितला. ईस्टमनने नव्या इमारतींना किती लागेल ते विचारलं. मॅक्लॉरिन यांनी २५ लाख डॉलर असा आकडा सांगितला, आणि ईस्टमनने तेवढे द्यायचं कबूल केलं. अट एकच होती, देणाऱ्याचं नाव कोणाला कळता कामा नये. मॅक्लॉरिन यांनी जाहीर करताना देणगीदाराचं नाव मिस्टर स्मिथ ठेवलं.

या प्रसंगाशी मी नेहमी थांबते. एवढी मोठी रक्कम कोणाच्या शिफारशीवर मिळाली? लव्हजॉय आणि डी लॅन्सी हे पाहुण्यांसमोर भाषण करायला उभे राहिले नव्हते. ते रोज सकाळी कामावर जात होते, एवढंच. शाळेची पत त्यांच्या पाठीवरून चालत होती आणि त्यांना त्याची कल्पनाही नसेल.

१९१६ मध्ये नव्या इमारती उघडल्या. मिस्टर स्मिथ आणखी देत राहिले. १९१९ च्या सुमाराला त्यांनी अट घातली, की बाकीच्यांनी मिळून तेवढ्याच तोलाची रक्कम उभी केली तर मी आणखी ४० लाखांचे शेअर देतो. मॅक्लॉरिन पुन्हा फिरायला लागले. वर्ष संपता संपता रक्कम जमली. आठ वर्षं विद्यार्थी, माजी विद्यार्थी, वर्तमानपत्रं सगळे तर्क लढवत होते, की हा स्मिथ कोण. विद्यार्थ्यांनी त्याच्यावर गाणं रचलं होतं. अखेर १० जानेवारी १९२० ला माजी विद्यार्थ्यांच्या मेजवानीत नाव जाहीर करायचं ठरलं. आपल्यासारखाच तो स्नेहमेळावा. पण मॅक्लॉरिन न्यूमोनियाने अंथरुणावर होते. त्यांचं भाषण दुसऱ्याने वाचून दाखवलं. नाव ऐकून सभागृहात काय झालं असेल याची कल्पना करता येते. पाच दिवसांनी मॅक्लॉरिन गेले. ते अवघे एकोणपन्नास वर्षांचे होते. देणाऱ्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी राहिलं. मागणाऱ्याचं किती जणांना माहीत आहे? म्हणून मुद्दाम लिहिलं. आपल्या समितीतले जे तिघे-चौघे गेले सहा महिने आपल्याला फोन करून करून थकले आहेत, त्यांनी हा परिच्छेद स्वतःसाठी समजावा.

एमआयटीत आता ईस्टमनचा पितळी मुखवटा असलेली पाटी आहे आणि परीक्षेला जाताना मुलं त्याचं नाक घासून जातात. नाक चकचकीत झालेलं आहे. आपण परीक्षेच्या दिवशी दारातल्या गणपतीला हात लावून जायचो त्यातलाच प्रकार. लपून राहिलेल्या माणसाची शेवटी अशी गत झाली.

एमआयटीला त्याने एकूण सुमारे २ कोटी डॉलर दिले. पण तो फक्त तिथेच देत नव्हता. १९१९ मध्ये त्याने स्वतःच्या शेअरपैकी एक तृतीयांश, तेव्हाच्या भावाने सुमारे १ कोटी डॉलरचे, कामगारांसाठी काढले. त्याआधी १९१२ पासून कंपनीच्या नफ्यातला वाटा पगाराच्या प्रमाणात कामगारांना मिळू लागला होता. रॉचेस्टरच्या गरीब मुलांसाठी त्याने दातांचा दवाखाना काढला, तो १९१७ मध्ये उघडला. मग लंडन, पॅरिस, रोम, ब्रसेल्स, स्टॉकहोम इथेही तसेच दवाखाने. दात का? त्याचा हिशेब साधा होता: लहान मुलाच्या दातांवर खर्च केलेल्या डॉलरचा जेवढा उपयोग होतो तेवढा दुसऱ्या कशावर होत नाही. वैद्यकीय कॉलेजासाठी मात्र त्याच्याशी घासाघीस करायला अब्राहम फ्लेक्सनर यांच्यासारखा माणूस लागला. रॉकफेलर यांच्या निधीच्या वतीने ते त्याच्या घरी येऊन राहिले. ईस्टमनने आकडा सांगितला, तो त्यांनी पुरेसा नाही म्हणून नाकारला, त्याने वाढवला, तोही नाकारला. शेवटी ठरलं: दवाखाना धरून त्याचे ५० लाख, निधीचे ५० लाख. १९२१ मध्ये संगीताचं विद्यालय सुरू झालं. त्यातल्या एका सभागृहाला त्याने आईचं नाव दिलं, किलबर्न हॉल. मारिया १९०७ मध्ये गेली होती. तो शेवटपर्यंत अविवाहित राहिला.

डिसेंबर १९२४ मध्ये एके दिवशी त्याने सह्या करून ३ कोटी डॉलर देऊन टाकले. रॉचेस्टर विद्यापीठ, एमआयटी, आणि दक्षिणेकडच्या हॅम्प्टन आणि टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्था यांच्यात. इथे मला पुन्हा एक अडचण आहे. टस्कीगीला लाखो डॉलर देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या कारखान्याची दारं कृष्णवर्णीय कामगारांना जवळजवळ बंद होती. दूरच्या शाळेला देणं सोपं जातं, आपल्या दाराशी उभ्या असलेल्याला कामावर घेणं अवघड जातं. मी हे त्याला उद्देशून लिहिते आहे खरी, पण लिहिताना आमच्या ऑफिसातल्या मुलाखतीही मला आठवतात.

आणि तो विक्षिप्त होता. रोज सकाळी नाश्त्याच्या वेळी घरातला मोठा ऑर्गन वाजवायला त्याने वादक ठेवला होता. बैठकीचा मोठा दिवाणखाना त्याला प्रमाणात वाटेना, म्हणून १९१९ मध्ये त्याने अख्खं घर मधोमध कापून मागचा अर्धा भाग रुळांवर ९ फूट ४ इंच मागे सरकवला. खर्च मूळ घराहून जास्त आला. तो दिवाणखाना मी पाहिला. भिंतीवर हत्तीचं डोकं आहे, त्याच्या आफ्रिकेतल्या शिकारीची आठवण. तिथे उभी असताना मला त्याची ती पोऱ्या असतानाची खर्चाची वही आठवत होती, आणि दोन्ही माणसं एकच आहेत हे काही केल्या जुळेना.

शेवटची वर्षं वाईट गेली. मणक्याचा आजार, उभं राहणं अवघड, चालताना पाय ओढत. बहिणीचं आयुष्य चाकांच्या खुर्चीत गेलेलं त्याने बघितलं होतं, आईचीही शेवटची दोन वर्षं तशीच गेली होती. १४ मार्च १९३२ ला त्याने काही मित्रांना घरी बोलावलं, मृत्युपत्रातल्या बदलावर त्यांच्या साक्षीदार म्हणून सह्या घेतल्या, त्यांना निरोप दिला आणि वरच्या खोलीत जाऊन आयुष्य संपवलं. दोन ओळींची चिठ्ठी होती, काम पुरं झालं आहे अशा अर्थाची. वय सत्त्याहत्तर. काहींना ते धैर्य वाटतं. मला तसं वाटत नाही. एवढ्या दवाखान्यांना पैसे देणाऱ्या माणसापाशी त्या दुपारी बसायला कोणी नव्हतं, असंच मला वाटतं. तोवर त्याने १० कोटी डॉलरहून जास्त वाटून टाकले होते.

कंपनीचं पुढे काय झालं ते आपण आपल्या डोळ्यांदेखत पाहिलं. डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना १९७५ मध्ये कोडॅकच्याच एका तरुण इंजिनियरने बनवला होता. फिल्मच्या धंद्यापायी कंपनीने त्याला वाढू दिलं नाही, आणि जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. मी रॉचेस्टरला होते तेव्हाच कारखान्याच्या कितीतरी इमारती पाडून झाल्या होत्या. संगीत विद्यालय मात्र भरलेलं होतं, बर्फातून व्हायोलिनच्या पेट्या घेऊन मुलं जात होती.

आता शाळेशी संबंध.

नववीत असताना बाबांचा कारखाना बंद पडला. त्याच वर्षी शाळेत चार कॉम्प्युटर आले आणि शनिवारचा वर्ग सुरू झाला, वेगळी फी भरून. मी घरी विषयही काढला नाही. जुलैमध्ये ऑफिसातल्या काकांनी मला बोलावून एक पावती हातात दिली. वर्षभराची फी भरलेली, माझ्या नावावर. कोणी भरली विचारलं तर त्यांनी मान हलवली आणि वर्गात जा म्हणून खूण केली. मी खूप दिवस अंदाज करत होते. गणिताच्या बाई? मुख्याध्यापक? कोणा मैत्रिणीचे वडील? त्या खोलीत मी पहिल्यांदा चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, आणि आज ज्याच्यावर माझं घर चालतं ते काम तिथून सुरू झालं.

म्हणून नव्या संगणक कक्षासाठी आपण पैसे जमवतो आहोत आणि देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लावायची की नाही यावर ग्रुपवर दोन आठवडे चर्चा चालली आहे, त्यात मी गप्प होते. पाटी लावू नये असं माझं म्हणणं नाही. ईस्टमनचं नाव निम्म्या रॉचेस्टरवर आहे आणि त्याने कोणाचं वाईट झालेलं नाही. पण माझे पैसे भरले गेले आहेत, आणि पावतीपुस्तकात त्यांच्यापुढे मी आडनाव स्मिथ लिहायला सांगितलं होतं. खजिनदारांना हसू आलं, त्यांनी पॅन नंबर मागितला. तो मी दिला.

ती जुलैची पावती माझ्यापाशी आहे. शाई उडाली आहे, पण रक्कम वाचता येते. स्मरणिकेत जुन्या वस्तूंचे फोटो छापणार आहेत म्हणून समितीने मागितली होती, मी दिली नाही. तिच्यावर पैसे भरणाऱ्याची अर्धवट सही आहे, आणि सर-बाईंपैकी कोणीतरी ती ओळखेल.